इराणी मालिका पाहायला बसताना

टोरांटोच्या उत्तर भागात यंग स्ट्रीटवर फिंच ॲव्हेन्यू ओलांडला की दुकानांच्या पाट्या फारसीत दिसायला लागतात. संगक नावाचा पाव भाजणाऱ्या बेकऱ्या, सुक्या लिंबांच्या आणि केशराच्या वासाची किराणा दुकानं, कबाबवाले. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर इराणच्या गीलान प्रांतातल्या रश्त शहरातून आलेल्या एक बाई राहतात. मी त्यांना खानूम, म्हणजे बाई, म्हणते, त्या मला अजीजम, म्हणजे लाडके, म्हणतात. गेली बरीच वर्षं आठवड्यातून एखादी संध्याकाळ मी त्यांच्या दिवाणखान्यात इराणी मालिका पाहत बसते. खडीसाखरेसारखा साखरेचा खडा दातात धरून बिनदुधाचा चहा, बशीत सूर्यफुलाच्या बिया, आणि समोर तेहरानमधलं कुणाचं तरी घर.

अनेक मराठी मंडळी मला विचारतात. इराणी सिनेमे पाहिलेत, मालिका कुठून सुरू करायच्या? कुणाचा सहकारी इराणी असतो, कुणी पुण्यात इराणी विद्यार्थ्यांबरोबर शिकलेलं असतं, कुणाची सूनच शिराझची. त्यांच्यासाठी हा क्रम लिहिते आहे. तो माझ्या अनुभवातून आलेला आहे. मी स्वतः उलट्या टोकाने सुरुवात केली होती, रमजानमधली एक रडकी मालिका मधूनच उचलली आणि तीन भागांत सोडून दिली. तुमचं तसं होऊ नये.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. देश सोडलेला इराणी माणूस या मालिका पाहायला जितका बसतो, त्याहून जास्त ऐकायला बसतो. खानूम स्वयंपाकघरात कांदा परततानाही मालिका चालू ठेवतात. पडद्याकडे पाठ असते, कान तिकडे असतो. घरात आपली भाषा मोठ्याने बोलणारी चार माणसं असावीत, एवढंच त्यांना हवं असतं. नवख्या माणसानेही याच वाटेने आत शिरावं.

पायरी पहिली: कान तयार करा

मराठी माणसाची इथे मोठी सोय आहे, आणि आपल्याला ती ठाऊकच नसते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय म्हणून, तरीही शेकडो शब्द आपल्या तोंडात राहिलेच. मालिकेत कुणी ‘अलबत्ते’ म्हणालं की ते आपलं अलबत. ‘आहेस्ते’ म्हणजे आस्ते. ‘हफ्ते’ म्हणजे आठवडा, ज्यावरून आपला हप्ता आला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. हिंदीवाल्यांना तिथे नदी आठवते, पण आपल्या कोळ्यांचा दर्या आणि इराण्यांचा दर्या एकच. बाग, शहर, गर्दन, दुश्मन, ताजे, हजार हे तर सरळ ऐकू येतात.

मग ऐकू येत नाहीत असं का वाटतं? कारण तेहरानच्या बोलीत ‘आन’चा ‘ऊन’ होतो. लिहितात ‘नान’, बोलतात ‘नून’. लिहितात ‘खाने’, म्हणजे घर, बोलतात ‘खूने’. ‘जान’चं ‘जून’ होतं, आणि खुद्द तेहरानचं ‘तेहरून’. क्रियापदंही आखडतात: ‘मीरवम’, म्हणजे जातो, याचं ‘मीरम’ होतं. ही एवढी किल्ली हातात आली की पहिल्याच भागात दहा-वीस शब्द उलगडतात. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

फसवे शब्दही आहेत. ‘खाली’ म्हणजे रिकामं. आपलं ‘वर-खाली’मधलं खाली नव्हे. ‘मास्त’ म्हणजे दही. आणि ‘दाई’ म्हणजे बाळंतपण करणारी बाई अजिबात नाही, दाई म्हणजे मामा.

या नात्यांपाशी जरा थांबते, कारण इंग्रजी सबटायटल्स सगळ्यात जास्त घोळ इथेच घालतात. फारसीत काका म्हणजे अमू, आत्या म्हणजे अम्मे, मामा म्हणजे दाई, मावशी म्हणजे खाले. चारांना चार शब्द, अगदी आपल्यासारखे. सबटायटलमध्ये दोन पुरुष ‘अंकल’ होतात आणि दोन बायका ‘आंट’. मी सुरुवातीला खालची इंग्रजी ओळ वाचत राहिले आणि कोण कोणाच्या बाजूचा, कोणाचा हक्क कुठवर, हे कळेचना. वहीच्या मागच्या पानावर हे चार शब्द लिहून ठेवा. अर्ध्या भांडणांचं कारण त्यातच असतं.

पायरी दुसरी: पहिली मालिका मामाचीच पाहा

‘दाईजान नापोलेओन’. १९७६ सालची मालिका, दिग्दर्शक नासेर तगवाई, आधार ईरज पेझेश्कजाद यांच्या १९७३ च्या कादंबरीचा. इराणबाहेरच्या कुठल्याही फारसी घरात हे नाव काढा, चेहरे उजळतात. १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर मालिकेवर बंदी आली आणि मग ती कॅसेटींवरून, कॅसेटींच्या कॅसेटींवरून जगभर पसरली. खानूमकडची प्रत इतक्या वेळा उतरवलेली होती की माणसांच्या कडांना हिरवी झालर यायची. आता स्वच्छ प्रती मिळतात, पण त्यांनी ती कॅसेट टाकलेली नाही.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. तेहरानमध्ये एक मोठी बाग आहे, आत भावंडांची वेगवेगळी घरं, मध्ये सगळ्यांचं येणंजाणं. वाड्यात वाढलेल्या किंवा वाड्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सगळ्यात मोठा भाऊ म्हणजे दाईजान, लष्करातून निवृत्त झालेला, नेपोलियनचा भक्त. काझेरून आणि ममसनी इथे त्याने कधीतरी लुटारूंशी दोन किरकोळ चकमकी केल्या. दरवेळी सांगताना त्या चकमकी वाढत जातात, आणि शेवटी तो साक्षात इंग्रजांच्या फौजांशी लढलेला असतो. साहजिकच इंग्रज त्याचा सूड घ्यायला टपलेत अशी त्याची खात्री पटते. १९४१ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज आणि रशियन फौजा खरोखरच इराणमध्ये शिरतात, तेव्हा तर विचारायलाच नको. शेजारी राहणाऱ्या सरदार महारत खान नावाच्या एका हिंदुस्थानी माणसावरही तो इंग्रजांचा हेर म्हणून पाळत ठेवतो. ही बाग पाहताना आपण कुठे उभे आहोत, हे मला त्या सरदारामुळे कळलं.

गोष्ट सांगतो तो दाईजानचा भाचा. ऐन उन्हाळ्यात, मोर्दाद महिन्याच्या तेराव्या दिवशी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास तो मामाच्या मुलीच्या, लैलीच्या प्रेमात पडतो. आता वहीतलं मागचं पान काढा. आपल्याकडे मामाची मुलगी म्हटलं की घरातल्या आत्या-मावश्या हसून बघतात; अनेक घरांत ते स्थळ हक्काचंच. चुलत भावंडांचं लग्न मात्र आपण मनातही आणत नाही. इराणमध्ये जुनी म्हण आहे की काकांच्या मुला-मुलींची गाठ स्वर्गातच बांधलेली असते. लैलीला मागणी घालणारा पूरी हा तिच्या काकांचा मुलगा आहे. म्हणजे परंपरेचं सगळं वजन त्याच्या पारड्यात, आणि आपला पोरगा नुसताच आत्याचा मुलगा. इंग्रजीत दोघेही ‘कझिन’. ही गोष्ट कळल्यावर मी पहिला भाग पुन्हा पाहिला, तेव्हा कुठे त्या पोराच्या पोटात गोळा का येतो ते लक्षात आलं.

पहिल्या पाहण्यात तीन माणसांवर लक्ष ठेवा. गुलामहुसैन नक्शीने यांचा दाईजान. परवीज सैयाद यांचा असदुल्लाह मिर्झा, जो चावट गोष्टीसाठी ‘सॅनफ्रान्सिस्को’ हा शब्द वापरतो. आजही इराणी माणसं तो तशाच अर्थाने वापरतात, तेव्हा सॅनफ्रान्सिस्कोला गेलो होतो असं इराणी मित्राला सांगितल्यावर तो हसला तर गोंधळू नका. आणि परवीज फन्नीजादे यांचा मश कासेम, मामाचा जुना नोकर, कुमजवळच्या गियासाबाद गावचा. प्रत्येक थाप मारण्याआधी तो म्हणतो, ‘खोटं कशाला बोलू? कबरीपर्यंत आ, आ, आ, आ’, आणि हाताची चार बोटं दाखवतो: मरण चार पावलांवर आहे, आता खोटं बोलून काय करायचंय. खानूमच्या घरी आलेले पाहुणे एकमेकांना निरोप देताना ती चार बोटं दाखवतात. शब्दसुद्धा लागत नाही.

दुसरं वाक्य तुम्हाला आयुष्यभर पुरेल: ‘कार, कारे इंग्लीसहास्त.’ हे काम इंग्रजांचं आहे. वीज गेली, पाव करपला, पेन्शनचं पत्र हरवलं, काहीही झालं तरी. पण हसून झालं की त्याच्या तळाशी काय आहे तेही बघा. ज्या देशाच्या तेलावर, सिंहासनावर आणि सरहद्दींवर परक्यांनी खरोखरच हात टाकला, त्या देशातल्या एका म्हाताऱ्याचा हा भ्रम आहे. म्हणूनच शेवटाकडे हसू कमी होत जातं.

मालिकेचे अठरा भाग आहेत. दिवसाला एक, त्याहून जास्त नको.

पायरी तिसरी: मालिका कुठून आली ते आधी बघा

इराणी मालिका म्हणून जे काही समोर येतं ते एकाच घरातलं नसतं, आणि हे न कळल्यामुळे नवा माणूस चुकीच्या जागी चुकीचं बोलून बसतो.

क्रांतीपूर्व मालिका हा पहिला कप्पा. दुसरा कप्पा सरकारी टीव्हीचा, ज्याला लोक ‘सेदा-ओ-सीमा’ म्हणतात, आवाज आणि चेहरा. तिसरा ‘शबके-ए नमायेश-ए खानगी’, म्हणजे घरी बसून पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मालिका. आधी त्या डीव्हीडीवर किराणा दुकानात मिळायच्या. मेहरान मोदीरी यांची ‘कहवे-ए तल्ख’ २०१० मध्ये अशीच आली आणि सरकारी वाहिनीविना मालिका चालू शकते हे तिने दाखवून दिलं. आता त्यांची जागा फिलिमो, नमावा यांसारख्या ॲपनी घेतली आहे. या मालिकांनाही परवाना आणि कात्री आहेच, फक्त दोर थोडा सैल आहे. चौथा कप्पा उपग्रहावरच्या परदेशी वाहिन्यांचा. तिथे तुर्की मालिका फारसीत डब करून दाखवतात. बोलणं फारसी, घर इस्तंबूलचं. खानूमची बहीण त्या आवडीने पाहते, खानूम पाहत नाहीत, आणि त्यावरून दोघींची खडाजंगी मी ऐकलेली आहे. तुम्ही इराणी मालिका शोधत असाल तर हा कप्पा सध्या बाजूला ठेवा.

सरकारी टीव्हीबद्दल मात्र नीट समजून घ्या. त्याचा प्रमुख सर्वोच्च नेता नेमतो. याच वाहिन्यांवरून राजकीय कैद्यांचे जबरदस्तीने घेतलेले कबुलीजबाब दाखवले गेले आहेत. त्यामुळे परदेशातल्या कितीतरी इराणी घरांत हा टीव्ही लावतच नाहीत, त्यावरची विनोदी मालिकासुद्धा नाही, आणि त्यामागे कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी मैत्रीण असते. दुसऱ्या घरात त्याच मालिकेशिवाय नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष, साजरा होत नाही. कुणाच्या घरी गेलात तर आधी विचारा. ‘तुम्ही पायतख्त पाहता का?’ (ही सरकारी टीव्हीवरची नवरोजची मालिका, पुढच्या पायरीत येईलच) हा प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देण्याआधी समोरचं माणूस क्षणभर थांबलं तर विषय बदला.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. फारसी बोलपट आणि परदेश यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे. पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए लोर’ १९३३ मध्ये आला, आणि तो तयार झाला मुंबईत, अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरिअल फिल्म कंपनीत. अर्देशीर इराणी मूळचे पुण्याचे, आणि कथा-संवाद व नायकाची भूमिका अब्दुलहुसैन सेपन्ता यांची. त्यातलं जोडपंही पळून मुंबईलाच येतं आणि दिवस पालटल्यावर इराणला परततं. १९७९ नंतर लॉस एंजेलिसला गेलेल्यांनी तिथे फारसी टीव्हीचं अख्खं विश्व उभं केलं, तेव्हा ते नकळत त्याच जुन्या वाटेने चालले होते. पुढे उपग्रह आला आणि प्रवास दुहेरी झाला: लॉस एंजेलिसचा टीव्ही बंदी असलेल्या डिशमधून तेहरानच्या गच्च्यांवर उतरायचा, आणि तेहरानच्या मालिका सुटकेसमधून लॉस एंजेलिसला पोहोचायच्या.

पायरी चौथी: नवरोजची वाट पाहा

इराणी मालिकांना ऋतू असतात. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेच्या मालिका येतात: पाप, पश्चात्ताप, अडलेलं लग्न, म्हातारपणी घसरलेला पाय. हसन फतही यांची २००७ मधली ‘मीवे-ए ममनूए’ त्यातली चांगली. अली नसीरियान यांनी त्यात उतारवयात प्रेमात पडलेला धार्मिक व्यापारी केला आहे, आणि त्यांचं काम चुकवू नये असं आहे. पण नवख्याने आधी नवरोज गाठावा.

नवरोज २० किंवा २१ मार्चला येतो, आपल्या पाडव्याच्या आगेमागे. तेव्हा तेरा दिवस सगळे घरीच असतात, आणि रोज रात्री एक भाग. २०११ च्या नवरोजला सिरूस मोगद्दम यांची ‘पायतख्त’ सुरू झाली. नावातला तख्त आपल्या ओळखीचा: पायतख्त म्हणजे राजधानी. माझंदरान प्रांतातल्या अलीआबादचं मामूली आडनावाचं कुटुंब तेहरानमध्ये घर घेतल्याच्या भरवशावर सगळं सामान ट्रकमध्ये भरून निघतं. घर मिळत नाही. मग ते शहराच्या रस्त्यांवर ट्रकमध्येच राहतात: नकी, त्याची बायको होमा, जुळ्या मुली, स्मृती हरवत चाललेले बाबा पंजअली, आणि ट्रक चालवणारा नातेवाईक अरस्तू.

मला पहिल्या पर्वातली ती ट्रकच्या मागच्या भागातली बैठक कधीच विसरता येणार नाही. गालिचा अंथरलेला, उशा लावलेल्या, चहाची तयारी आणि समोर उघड्या फळीपलीकडे परकं शहर. खानूम तो प्रसंग पाहताना एकदा सहज म्हणाल्या, ‘आमचं पहिलं वर्ष.’ पुढे काही बोलल्या नाहीत. देश सोडलेल्यांना ही मालिका का लागते हे मला त्या दोन शब्दांत कळलं, नंतर त्यावर वाचलेलं सगळं त्यापुढे फिकं आहे.

‘पायतख्त’ पुढे अनेक पर्वं चालली; सातवं २०२५ मध्ये आलं. नंतरच्या पर्वांत पसारा वाढतो, पाचव्यात तर हे कुटुंब तुर्कस्तानमार्गे सीरियात जाऊन पडतं. माझं मत विचाराल तर पहिलं पर्व पुरेसं आहे, आवडलं तर दुसरं.

बोलीकडे लक्ष द्या. नकीचं कुटुंब माझंदरानी हेल काढून बोलतं. खानूमचा नातू इथेच जन्मला, घरात इंग्रजी, आणि फारसी इतकी तुटकी की आजीशी फोनवर दोन मिनिटांत विषय संपायचा. तीन नवरोज ‘पायतख्त’ पाहिल्यावर त्याची फारसी सुधारली, पण तिला माझंदरानचा हेल लागला. गीलानच्या आजीचा नातू माझंदरानीत बोलतो हे म्हणजे मालवणच्या आजीच्या नातवाने वऱ्हाडी बोलावं तसं. आजी मात्र सगळ्यांना ऐकवत सुटली होती.

पायरी पाचवी: न दाखवलेलं पाहायला शिका

क्रांतीनंतरच्या इराणी मालिकेत बायको नवऱ्यासमोर, स्वतःच्या शयनगृहात, झोपतानासुद्धा डोक्यावर रुमाल बांधून असते. नवरा-बायको एकमेकांना स्पर्श करत नाहीत. आई परदेशी निघालेल्या वयात आलेल्या मुलाला मिठी मारत नाही, कारण पडद्यावर ती आई असली तरी कायद्याने ती नटी परकी बाई आहे. नवख्याला हे विचित्र वाटतं आणि तो हसतो. इराणी घरात बसून हसू नका. त्यांनाही ते खटकतंच. ‘झोपताना कोण रुमाल बांधतं?’ असं खानूम दर दोन-तीन भागांनी पडद्याला विचारतात. पण तो राग त्यांचा आहे, त्यांच्या आयुष्याची किंमत मोजून आलेला.

तुम्ही हे करा: जिथे मिठी असायला हवी होती, तिथे काय ठेवलंय ते बघा. कोट हातात देताना बाही क्षणभर धरलेली असते. चहाचा पेला ठेवून हात काढायला उशीर होतो. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे असतात. चांगला दिग्दर्शक सगळी माया वस्तूंमध्ये उतरवतो, आणि एकदा हे दिसायला लागलं की साध्या प्रसंगालाही वजन येतं. त्याने बंदी योग्य ठरत नाही.

कानालाही हेच काम आहे. स्पर्श नाही म्हणून शब्द ओथंबलेले असतात. ‘कुर्बानत बेरम’, तुझ्यावरून ओवाळून जाईन. ‘दस्तेत दर्द नकोने’, तुझे हात दुखू नयेत. हे कुणी चहा दिला तरी म्हणतात. ‘खस्ते नबाशीद’, तुम्ही थकू नये. काम करणाऱ्या कुणालाही, टॅक्सीवाल्यालाही. या सगळ्या आदबशीर देवाणघेवाणीला ‘तारोफ’ म्हणतात. पंगतीतला आपला आग्रह आणि आपलं ‘नको, नको, पुरे’ ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांना तारोफ शिकवावा लागत नाही. कोण कधी तारोफ सोडून सरळ बोलतं त्यावर नजर ठेवा. मालिकेत तिथेच काहीतरी तुटतं.

आणि एक वाक्य: ‘जाये शोमा खाली.’ तुमची जागा रिकामी होती. कुठे फिरून आलो, काही चांगलं खाल्लं, लग्न झालं, की तिथे नसलेल्या माणसाला सांगताना हे म्हणायचं. इराणहून फोन येतो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत हे येतंच. मालिकेत ते कुणीतरी कुणालातरी म्हणतं, आणि इथे टोरांटोत बशीतल्या बिया फोडायचा आवाज थांबतो.

पायरी सहावी: आता ‘शहरजाद’

इतकं झालं की तुम्ही ‘शहरजाद’ पाहायला तयार आहात. दिग्दर्शक पुन्हा हसन फतही, २०१५ ते २०१८, तीन पर्वं, घरी पाहण्याच्या बाजारासाठी काढलेली. १९ ऑगस्ट १९५३ ला पंतप्रधान मोसद्देक यांचं सरकार उलथवलं गेलं, त्यात ब्रिटन आणि अमेरिका या दोघांच्या हेरखात्यांचा हात होता. दाईजानचं वाक्य आठवा. इथे ते विनोदात बसत नाही. त्या दिवसांपासून गोष्ट सुरू होते. शहरजाद वैद्यकीय शिक्षण घेणारी, तिचा प्रियकर फरहाद वर्तमानपत्रात लिहिणारा. दोघांच्या घरांवर बुजुर्ग आका नावाच्या धनाढ्य माणसाची सत्ता. त्याच्या मुलीला मूल होत नाही, म्हणून तो शहरजादला आपल्या जावयाशी, कुबादशी लग्न करायला भाग पाडतो. तराने अलीदूस्ती, शहाब हुसैनी, मुस्तफा जमानी, आणि बुजुर्ग आकाच्या भूमिकेत अली नसीरियान.

यातलं तेहरान जुन्या कॅफेंचं, टोप्यांचं, काळ्या मोटारींचं आहे. ज्यांचे आई-बाप त्या तेहरानमध्ये तरुण होते ते लोक हे पाहतात तेव्हा कथानक बाजूलाच राहतं. खुर्ची अशी होती का, पडदे असे होते का, यावर वाद होतात. तुम्ही त्या वादात पडू नका, ऐका. मोहसेन चावोशी यांची गाणी या मालिकेमुळे परदेशातल्या गाड्यांत वर्षानुवर्षं वाजली. इराणी लोक नामावलीला ‘तीतराज’ म्हणतात आणि तिच्यावरचं गाणं सहसा पुढे सरकवत नाहीत. तुम्हीही सरकवू नका.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तराने अलीदूस्ती यांनी रुमालाशिवायचं आपलं छायाचित्र ‘जिन, जियान, आझादी’ (कुर्दीत ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’, त्या वर्षीच्या आंदोलनाची घोषणा) लिहिलेल्या कागदासह प्रसिद्ध केलं. डिसेंबरमध्ये त्यांना अटक झाली, जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला सुटका झाली. त्यानंतर ‘शहरजाद’ पूर्वीसारखी पाहता येत नाही. सत्तावान म्हाताऱ्यापुढे मान खाली घालून उभी असलेली शहरजाद दिसते, आणि त्या चेहऱ्यामागे तो दुसरा चेहरा दिसतो.

‘वजियत-ए सेफीद’ ही हमीद नेमतुल्लाह यांची २०११ ची मालिका मी मुद्दाम शेवटी ठेवते. इराण-इराक युद्धाच्या अखेरच्या काळात तेहरानवर क्षेपणास्त्रं पडत होती, तेव्हा आजीच्या बागेत आसऱ्याला जमलेलं एक मोठं कुटुंब. ‘पांढरी स्थिती’ म्हणजे हल्ला टळला, बाहेर या, अशी सूचना. लाल म्हणजे तळघरात चला. मालिका हसरी आहे, ऊबदार आहे. पण जे लोक ऐंशीच्या दशकात लहान मुलांना घेऊन निघाले, त्यांच्यासमोर ती न विचारता लावू नका. मी एकदा लावली. खानूम नाव ऐकूनच उठल्या आणि चहा करायला गेल्या, आणि तो चहा यायला फार वेळ लागला.

पायरी सातवी: कुठे आणि कसं

थोडक्यात सांगते. इंग्रजी सबटायटल्स हवी असतील तर आयएमव्हीबॉक्स हे संकेतस्थळ पाहा. सरकारी टीव्हीची आयफिल्म ही वाहिनी जुन्या मालिका दाखवते; तिसऱ्या पायरीत लिहिलेलं लक्षात ठेवून पाहायची. फिलिमो आणि नमावा मुख्यतः इराणमधल्या प्रेक्षकांसाठी आहेत, आणि निर्बंधांमुळे बाहेरच्या कार्डाने पैसे भरणं अवघड जातं. यूट्यूबवर खूप काही आहे, पण भागांचे तुकडे पाडलेले, आणि मधलेच गायब. शोधताना मालिकेचं नाव फारसी लिपीत टाका. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो. फारसी टाइप करता येत नसेल तर विकिपीडियाच्या पानावरून नाव उचला.

मराठी सबटायटल्स मला अजून कुठे मिळाली नाहीत. कुणी केली तर आधी अमू आणि दाई नीट लिहा, एवढंच मागणं.

पायरी आठवी: एकट्याने पाहू नका

ओळखीचं इराणी घर असेल तर तिथे जा. रिकाम्या हाताने जाऊ नका. मी नानखटाई नेते, ती त्यांच्या ‘नान-ए नोखोदची’ या चण्याच्या पिठाच्या बिस्किटांची जवळची बहीण आहे आणि दोन्ही बशा शेजारी ठेवून तुलना होतेच. बूट दाराशी काढा. चहा दोनदा नको म्हणा, तिसऱ्यांदा घ्या. कुठून आलात असं विचारण्याऐवजी कुठल्या शहरातून आलात असं विचारा. रश्त, तबरीझ, अहवाझ, यझ्द, प्रत्येक नावाबरोबर एक वेगळा स्वयंपाक आणि वेगळा हेल येतो. आणि मालिका चालू असताना कुणी मध्येच थांबवून दहा मिनिटं भलतंच सांगू लागलं, आजोबांचं दुकान, शाळेची गल्ली, तर रिमोटकडे बघू नका.

२०२५ मध्ये तीना पाकरवान यांची ‘तासियान’ आली, क्रांतीच्या आधीच्या वर्षांमधल्या तेहरानची प्रेमकथा. नाव वाचून खानूम कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, हा फारसी शब्द नाही, आमचा आहे, गीलकी. पाहुणे येऊन गेले, दार लागलं, आणि घरात जो रिकामेपणा उरतो तो तासियान. आईच्या तोंडून शेवटचा ऐकला होता त्यांनी.

पहिला भाग आम्ही तिघींनी मिळून पाहिला: खानूम, मी, आणि रश्तमध्ये फोन उशीला टेकवून बसलेली त्यांची धाकटी बहीण. इथे रात्रीचे नऊ, तिथे पहाटेचे साडेचार. तिने तिथे आणि आम्ही इथे एकदमच सुरू करायची असं ठरलं होतं, पण तिचं चित्र आमच्या मागे पडत होतं. त्यामुळे प्रत्येक वाक्य त्या खोलीत दोनदा ऐकू येत होतं, आधी टीव्हीवरून आणि मग रश्तहून.